तळमजला, विनाभाडे

४ मार्च

प्रिय धाकटोबास,

अनेक आशीर्वाद. पत्र पाहून दचकू नकोस, कुणी आजारी नाही. फोनवर तू ‘हं, हं, बघतो’ म्हणतोस आणि तुझं ते बघणं तिथेच संपतं. कागदावर लिहिलं की मागाहून ‘तू बोललीच नाहीस’ म्हणायची सोय राहत नाही.

इमारतीचा विमा या महिनाअखेर संपतोय. जुनी कंपनी म्हणते, वायरिंग बाबांच्या काळातलं आहे, पुढे विमा करणार नाही. एकोणीस वर्षं हप्ते घेताना वायरिंग दिसलं नव्हतं त्यांना. असो. नव्या कंपनीचा एजंट परवा येऊन गेला. तो मुद्द्याचं सांगताना आवाज खाली घेतो, म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांना शेजारी बसवलं. शाळेतून निवृत्त झाले तरी मास्तर बारीक अक्षर वाचायचे सोडत नाहीत.

तर ऐक. साधा विमा फक्त भिंती-छपराचा. इमारत जळाली तर तिची जुनी किंमत, त्यातून वयापोटी झालेल्या झिजेची, म्हणजे घसाऱ्याची वजावट, आणि उरेल ते हातात. ते घेऊन आपण कुठेही जायला मोकळे. दुसरा प्रकार महाग आहे. त्यात घसारा कापत नाहीत, आज बांधायला लागेल तो पूर्ण खर्च देतात, पण अट अशी की त्याच जागेवर पुन्हा बांधायचं. विम्याला आणखी दोन गोष्टी जोडता येतात. एक, बांधून होईपर्यंत बुडालेलं भाडं आणि भाडेकरूंना दुसरीकडे राहायचा खर्च. दुसरी, जिन्यावरून कुणी पडलं आणि आपल्यावर दावा लावला तर ती जबाबदारी. आपला जिना तुला ठाऊक आहे. चौथ्या पायरीवर तूच दोनदा पडलायस.

आठ बिऱ्हाडं आहेत. मास्तर आहेत, वरची नर्स आहे, तिसऱ्या मजल्यावरची शिंपीण आहे. माझं मत दुसऱ्या प्रकाराचं, दोन्ही जोडण्यांसकट. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. कागदपत्रं तू बघतोस, तेव्हा फॉर्म तूच भर.

तुझी,
ताई


९ मार्च

ती. ताईस,

सा. न. पत्र मिळालं. बँकेत तीस वर्षं काढल्यावर विम्याचे प्रकार मला मास्तरांकडून शिकावे लागतील असं वाटलं नव्हतं, पण ठीक आहे.

फॉर्म भरून पाठवलाय. पहिला प्रकार घेतला. इमारत पंचावन्न वर्षांची आहे, तिच्यासाठी नव्याच्या किमतीचा हप्ता भरणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. भाडेकरूंच्या राहण्याचा खर्च आपण का उचलायचा? त्यांनी आपापल्या सामानाचा विमा काढावा, जगभर तसंच चालतं. जबाबदारीचं कलम मात्र घेतलंय, जिन्यामुळे.

एकोणीस तारखेला कंपनीचा तपासनीस येईल. त्याला आग विझवायचं लाल नळकांडं दाखव, जिना झाडून ठेव आणि शिंपीणबाईंना सांग की त्या दिवशी मशिनवर चादर टाका. फॉर्ममध्ये मी ‘व्यवसाय नाही’ लिहिलंय. तो विचारेल तेवढंच सांग. तू उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस, मी आहे.

धाकटा


१९ मार्च

धाकटोबा,

तपासनीस सकाळी अकराला आला. भला माणूस. चपला बाहेर काढून आत आला, तेवढ्यावरूनच कळलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून चहा दिला. त्याने तुझा फॉर्म काढला आणि एकेक ओळ वाचून बरोबरची खूण करू लागला. मजले चार. बिऱ्हाडं आठ. मग वाचलं, ‘केअरटेकर: आहे. स्त्री, वय एकसष्ट. तळमजला, विनाभाडे.’

आणि मान वर करून अगदी आदराने मला म्हणाला, “बाई, या मालकांकडे किती वर्षं आहात कामाला?”

मी सांगितलं, चौतीस वर्षं. पगार नाही. तो चहा बरा झालाय म्हणाला. मला त्याची दया आली, इतका तो ओशाळला होता. तुझी मात्र आली नाही.

मी कोण आहे रे या घरात? संसार मोडून परत आले तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. तेव्हापासून टाकी साफ करून घेणं, भाडं गोळा करणं, वरच्यांचा नळ आणि खालच्यांचं भांडण, सगळं मी बघितलं. बाबा सहा वर्षं अंथरुणाला होते, ती सहा वर्षंही मीच. तू वर्षातून दोनदा यायचास, पेढे आणावेत तशी पावशेर फळं आणायचास आणि उंटावरून शेळ्या हाकून परत जायचास. त्या शेळ्यांत आता मीही धरली गेलेय, हे मला आज एका परक्या माणसाकडून कळलं.

दुसरं. मशिनवर चादर टाकायला मी सांगितलं नाही. मी त्याला तिसऱ्या मजल्यावर नेलं आणि पाच मशिनं दाखवली. उद्या तिथेच ठिणगी पडली आणि कंपनी म्हणाली की तुम्ही खोटं लिहिलंत, तर एक दमडी मिळणार नाही. बँकेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे मी सांगावं लागतं.

आणि तिसरं मला आत्ता रात्रीचं जेवण करताना सुचलं, घास तसाच राहिला. तू पहिला प्रकार का घेतलास ते कळलं. इमारत जळाली तर तुला पुन्हा बांधायची नाहीये. पैसे घ्यायचे आणि मोकळं व्हायचं. तू मोकळा होशील, आम्ही नऊ बिऱ्हाडं रस्त्यावर मोकळी होऊ.

उत्तर दे. ‘बघतो’ नको.

ताई


२४ मार्च

ती. ताईस,

सा. न. तू रागावली आहेस म्हणून सावकाश लिहितो.

निवासी केअरटेकर असेल तर हप्त्यात बारा टक्के सूट आहे. वायरिंग जुनं असल्यामुळे इमारतीत निवासी मालक किंवा निवासी केअरटेकर असल्याशिवाय ही कंपनी विमाच देत नाही. फॉर्ममध्ये ‘बहीण’ असा रकाना नाही. मी काय लिहायला हवं होतं? मालक लिहिता येत नव्हतं. बाबा गेल्यावर तू हक्क सोडल्याच्या कागदावर सही केलीस, इमारत माझ्या एकट्याच्या नावावर आहे. हे तुला माहीत आहे असं मी धरून चाललो होतो.

मशिनं दाखवलीस त्यामुळे हप्ता एक तृतीयांशाने वाढला. विचारल्याशिवाय सांगायचं नाही एवढंच म्हणालो होतो. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

तुला कुणी घराबाहेर काढत नाहीये. कागदावर काय लिहिलंय त्याने काय फरक पडतो? पॉलिसी इमारतीच्या पत्त्यावर येईल, कपाटात नीट ठेव.

धाकटा


८ एप्रिल

धाकटोबा,

दोन आठवडे लिहिलं नाही, कारण मी नोंदणी कचेरीत चकरा मारत होते. तिथल्या कारकुनाने चौथ्या खेपेला कागद काढून दिला. सही माझीच आहे. खाली ओल्या बोटाचा डागही आहे.

मला तो दिवस आठवला. बाबांना जाऊन आठवडाही झाला नव्हता. मी भांडी घासत होते. तू स्वयंपाकघरात आलास आणि म्हणालास, मीटर आणि घरपट्टी बाबांच्या नावावरून काढायची आहे, इथे सही कर. मी हात पुसले आणि केली. तू माझा धाकटा भाऊ होतास, मी वाचून काय बघणार होते! ‘तुला माहीत आहे असं धरून चाललो’ म्हणतोस. चोराच्या उलट्या बोंबा. तू फार सोयीचं धरतोस आणि फार लांब चालतोस.

आता कामाचं. पॉलिसी आली. तू कपाटात ठेवायला सांगितलीस, मी आणि मास्तरांनी वाचली. अठरा पानं आहेत. अकराव्या पानावर लिहिलंय, केअरटेकरने काम सोडलं तर सात दिवसांत कळवावं आणि चौदा दिवसांत दुसरा नेमावा. तोवर नेमला नाही तर विमा स्थगित.

मी आजपासून काम सोडत आहे. नोटीस सोबत जोडली आहे, एक प्रत कंपनीला पाठवली. मी कागदावर केअरटेकर असेन तर राजीनामाही कागदावरच दिला पाहिजे. कागदाने काय फरक पडतो ते आता बघू.

पाण्याची मोटर सकाळी साडेपाचला लावावी लागते. कोण लावणार ते कळव.

ताई


१५ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. चार दिवस फोन करतोय, तू उचलत नाहीस. हा काय पोरकटपणा आहे?

केअरटेकर असा बाजारात मिळत नाही. बेकरीत कामाला आहेत त्या पहिल्या मजल्यावरच्यांना विचारलं, त्यांनी पगार विचारला आणि आकडा ऐकून हसले. नर्स म्हणाली, ताईंची जागा मी घेणार नाही. शिंपीणबाईंनी तर फोनच ठेवला. इमारतीत माझ्याविरुद्ध सभा भरवलीस का?

कंपनीशी बोललो. केअरटेकर लागू नये म्हणून विम्यात तुझं नाव मालकाच्या बरोबरीने घालता येईल का विचारलं. ते म्हणाले, इमारतीचं नुकसान झालं तर ज्याचं स्वतःचं काही जातं त्याचंच नाव घालता येतं. त्यांनी एक फॉर्म पाठवलाय, त्यात रकाना आहे, ‘इमारत नष्ट झाल्यास या व्यक्तीचे काय नुकसान होईल?’ मी तासभर बसलो, काय लिहावं सुचलं नाही. कायद्याने पाहिलं तर तुझं काहीच जात नाही.

म्हणून वकिलाकडून कागद करून घेतला. तुझा इमारतीवरचा हक्क आता लेखी होईल. सही करून पाठव, आणि तो फॉर्मही सोबत आहे, रकाना तूच भर. बावीस तारखेला मुदत संपते. कृपा करून तेवढं बघ.

धाकटा


२९ एप्रिल

धाकटोबा,

तुझा कागद वाचायला तीन दिवस लागले, कारण या वेळी मी प्रत्येक शब्द मास्तरांना विचारला. ‘इमारतीवरचा हक्क’ म्हणजे काय ते पाचव्या कलमात आहे. तळमजल्यावर हयातीपुरतं राहायचा हक्क, आणि तोही ‘इमारतीची देखभाल करीत असेतोवर’. म्हणजे मोटर लावली तर घर, हात थकले तर बाहेर. तोंडाला पानं पुसायला वकिलाची फी दिलीस! मास्तर आयुष्यात कुणाला वाईट बोलले नाहीत. तो कागद वाचून त्यांनी चष्मा काढला आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. कागद परत पाठवतेय. सही नाही.

हे सगळं चोवीस तारखेला लिहून ठेवलं होतं. अजून बरंच जहरी लिहिलं होतं, ते फाडलं. कारण परवा जे झालं ते तुला सांगायला हवं.

दुपारी तीनच्या सुमाराला जिन्याखालच्या मीटरच्या बोर्डातून धूर आला. नर्स रात्रपाळी करून झोपली होती, तिला वास आला. ती धावत खाली आली, काठीने मेन स्विच पाडला आणि लाल नळकांडं मारलं. बोर्ड अर्धा जळाला. आम्ही सगळे रस्त्यावर. शिंपीणबाई हातात कुणाचा तरी अर्धवट शिवलेला कोट घेऊन उभ्या, बेकरीवाल्यांची सासू एका चपलेत. मी माणसं मोजली. दोनदा मोजली. आणि वर बघताना आठवलं की पाच दिवसांपूर्वी विमा स्थगित झालाय, आणि तो मी केलाय.

तुझ्यावर डूख धरून मी आठ घरांच्या डोक्यावरचं छप्पर पणाला लावलं होतं. त्यांना विचारलंही नव्हतं. तुझ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला मग? एवढी लाज मला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

त्याच संध्याकाळी एजंटला बोलावून राजीनामा मागे घेतला. कालपासून विमा चालू आहे. केअरटेकर आहे. स्त्री, वय एकसष्ट. आता माझ्या हातात काही उरलं नाही, तू निर्धास्त राहा. मला तू काहीही म्हणू शकतोस.

फक्त तो रकाना मी भरला. तुला तासभर सुचलं नाही, मला दहा मिनिटं लागली. लिहिलंय ते असं:

‘इमारत नष्ट झाल्यास या व्यक्तीची सकाळ जाईल, कारण हिला दुसरीकडे कुठे उठायचं ते माहीत नाही. जिन्याच्या वळणावर वडिलांनी धरून चालायला बसवून घेतलेला कठडा जाईल. आठ घरांच्या किल्ल्या जातील. ज्यांच्यात ही आपली म्हणून राहते ती माणसं आठ दिशांना जातील. आईच्या मागे हिने ज्याला वाढवलं तो भाऊ पैसे घेऊन दूर जाईल. कायद्याने काहीच जाणार नाही.’

रकाना छोटा होता, मागच्या बाजूला लिहावं लागलं. कंपनीला पाठवायचं की नाही ते तू ठरव.

ताई


११ मे

ताई,

फॉर्म कंपनीला पाठवला नाही. माझ्याजवळ ठेवलाय. घरी वाचून दाखवायला घेतला, अर्ध्यात थांबलो म्हणून बायकोने कागद घेऊन पुढचं मनातच वाचलं. वाचून ती एवढंच म्हणाली, “हे त्यांच्याकडून लिहून घ्यावं लागलं तुम्हाला?” तेव्हापासून घरात माझ्याशी कामापुरतंच बोलणं आहे.

तू भांडी घासत होतीस त्या दिवशी तो कागद कसला होता ते मला माहीत होतं. मीटरचा नव्हता. मी मुद्दाम ती वेळ निवडली, कारण तू वाचणार नाहीस हे मला ठाऊक होतं. तेव्हा हप्ते होते, घर बांधायला काढलं होतं, कारणं पुष्कळ होती. नंतर मी स्वतःलाच सांगत राहिलो की तुला कळलंच असेल, आणि तू काही बोलत नाहीस म्हणजे तुला चालतंय. बारा वर्षं असं सांगितलं की माणसाला ते खरं वाटायला लागतं. फॉर्ममध्ये केअरटेकर लिहिताना हात अडखळला होता. तरी लिहिलं.

तुझं एक बरोबर होतं. जळाली तर पुन्हा बांधायची नाही, असंच ठरवलं होतं.

राजीनामा मागे घेतलास हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं याचीच मग इतकी शरम वाटली की ऑफिसातून उठून बाहेर जाऊन उभा राहिलो. तुझ्याजवळ मला वाकवायला एक गोष्ट होती, ती तू शिंपीणबाईंसाठी आणि मास्तरांसाठी सोडून दिलीस.

नवा कागद सोबत आहे. एकाच पानाचा. निम्मी इमारत तुझी, कोणतीही अट नाही. मास्तरांना दाखव. तुझी माफी मागायचं तोंड मला नाही, म्हणून मागत नाही.

विम्याचं तू म्हणशील तसं.

धाकटा


२ जून

धाकटोबास,

कागद मास्तरांनी वाचला, वकिलाने वाचला, मी सात वेळा वाचला. काल नोंदणी झाली. कारकून ओळखीचा झालाय, त्याने खुर्ची दिली.

विम्याचं असं. दुसरा प्रकार घेतलाय, त्याच जागेवर पुन्हा बांधायच्या अटीचा. भाडेकरूंच्या राहण्याचा खर्च आणि जिन्याची जबाबदारी, दोन्ही जोडलं. शिंपीणबाईंची मशिनं पाचच्या पाच लिहिली. केअरटेकरच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं आणि निवासी मालकाच्या रकान्यात मी आहे. बारा टक्के सूट तरीही मिळते, तू नीट विचारलंच नव्हतंस. हप्त्यातला निम्मा वाटा तुझा, येत्या दहापर्यंत पाठव.

मीटरचा बोर्ड आणि सगळं वायरिंग पंधरा तारखेपासून बदलायला काढतेय. त्या आठवड्यात तू इथे हवास. चार दिवस रजा काढ आणि बायकोलाही आण. झोपायची सोय माझ्या खोलीत होईल. मोटर साडेपाचला लावावी लागते, ती तू लावायचीस.

बाकी, कबूल केलंस म्हणून सगळं मिटलं असं समजू नकोस. बारा वर्षं एका पत्रात मिटत नाहीत. तुझ्यावरचा राग जिथल्या तिथे आहे. फरक इतकाच की आता मी माझ्या घरात बसून रागावलेय.

ताई